थ्रॉटल ओढल्यावर पाय कुठे होते?

राजारामपुरीतल्या एका मामांनी विचारलंय. त्यांचा भाचा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत वैमानिक व्हायला शिकतोय, 40 तास झालेत. गेल्या महिन्यात तो सेसना 172 हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन एकटाच निघाला होता. वारा उजवीकडून, झोताझोताने येणारा. धाव घेताना विमान मध्येच उचललं गेलं आणि लगेच परत धावपट्टीवर बसलं. पोरगं बिचकलं, उड्डाण सोडून द्यायचं ठरवलं, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची कळ) मागे ओढला, ब्रेक दाबले. विमान सरळ थांबायचं सोडून उजवीकडे वळलं, गवतात शिरलं, डावा पंख जमिनीला घासला, प्रोपेलर वाकला. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही. मामांचे प्रश्न तीन. वारा उजवीकडून होता तर विमान डावीकडे ढकललं जायला हवं, ते वाऱ्याच्याच अंगावर कसं गेलं? उजवीकडे वळलं तर घासला तो डावा पंख कसा? आणि घरात सगळे म्हणतायत की घाबरून थांबवलं म्हणून झालं, तसंच रेटून उडवलं असतं तर काही झालं नसतं, हे खरं का?

मामा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात त्यावरूनच वातावरण तापलेलं दिसतंय. थांबवायचं ठरवलं यात पोराचं काही चुकलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दिसतं ते असं, की थांबवायला सुरुवात झाली आणि ते पुरं व्हायच्या आत त्याचे पाय कामावरून सुटले. मी 30 वर्षं शेजारच्या सीटवर बसून पोरं तयार केली, त्यातल्या निम्म्यांनी तरी हीच चूक माझ्यासमोर केली आहे. माझ्यासमोर केली म्हणून निभावली, इतकंच.

भाच्याचा विमानतळ बाजूला ठेवू, आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचं गणित घेऊ, म्हणजे तुम्हाला डोळ्यांसमोर येईल. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ. त्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला 07 लिहिलंय, दुसऱ्या टोकाला 25. म्हणजे एका बाजूने धावलात तर नाक 70 अंशांकडे, साधारण पूर्वेकडे. उलट धावलात तर 250 अंशांकडे, पश्चिमेच्या थोडं दक्षिणेला. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेचाच, त्यामुळे छोटी विमानं 25 वरूनच निघतात, समोरून वारा घेत. इथवर सगळं सोयीचं आहे. आता समजा वारा जरा फिरलाय. टॉवर, म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष, सांगतो, 290 अंशांवरून 18 नॉट, झोत 30 नॉट. नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, तेव्हा 30 नॉट म्हणजे ताशी 55 किलोमीटर.

धावपट्टी 250 ला, वारा 290 वरून, म्हणजे 40 अंश उजवीकडून. या वाऱ्याचे दोन हिस्से करायचे. समोरून लागणारा आणि आडवा लागणारा. 18 नॉटच्या वाऱ्यात समोरचा हिस्सा 14 नॉट, आडवा साडेअकरा. झोत आला की समोरचा 23 आणि आडवा 19. सेसना 172 च्या अलीकडच्या मॉडेलच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा 15 नॉट दिलेला असतो. ही कायद्याची मर्यादा नसते. कारखान्याच्या वैमानिकाने चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान सांभाळून दाखवलं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तो चाचणी वैमानिक होता आणि तुमच्या भाच्याचे 40 तास झालेत, हा फरक त्या पानावर छापलेला नसतो. आता वरचा हिशोब बघा: सरासरी वारा 15 च्या खाली बसतो, झोत बसत नाही. आकडा सरासरीला लावायचा की झोताला, हा प्रश्न मी परीक्षेत विचारायचो. झोताला. प्रत्येक वेळी झोताला. कारण गाठ पडते ती सरासरीशी नाही, त्या वेळी जो वारा अंगावर येतो त्याच्याशी.

टॉवर जो वारा सांगतो तोही साधारण गेल्या 2 मिनिटांची सरासरी असतो, आणि विमानतळाच्या ठरावीक हवामान निरोपात 10 मिनिटांची. शिवाय वारा मोजणारं यंत्र एका जागी उभं, विमान दुसऱ्या जागी. 20 डिसेंबर 2008 ला अमेरिकेत डेन्व्हरला बोइंग 737 ला हेच नडलं. टॉवरने 27 नॉट सांगितले, प्रत्यक्ष त्या पट्टीवर 45 नॉटपर्यंतचा झोत येऊन गेला. एवढं मोठं विमान धाव घेता घेता बाजूला निघालं, खड्ड्यात गेलं, पेटलं. आतले 115 जण वाचले. तपासात काय निघालं सांगू? कॅप्टनने वाऱ्याविरुद्ध रडर (शेपटीची उभी फळी, ती पायातल्या पेडलांनी फिरते) दाबला होता, बरोबर दाबला होता, आणि विमान बाहेर जायच्या काही सेकंद आधी पाय सैल सोडला. हजारो तास उडवलेला माणूस. तेव्हा घरात कोणी भाच्याला नावं ठेवत असेल तर हा प्रसंग ऐकवा.

आता 'विमान उचललं गेलं आणि परत बसलं' हे काय होतं ते बघू. सेसना 172 चं नाक साधारण 55 नॉटला उचलतात. हे 55 हवेतले, जमिनीवरचे नव्हेत. विमानाला जमिनीशी देणंघेणं नसतं, पंखावरून हवा किती वेगाने जाते एवढंच त्याला कळतं. समजा चाकं जमिनीवर 35 नॉटने धावतायत. समोरून 14 नॉट, म्हणजे हवेतला वेग 49. अजून उडायला अवकाश आहे. इतक्यात झोत येतो, समोरचा हिस्सा 23 होतो, हवेतला वेग एकदम 58. विमान उचललं जातं. पोराने काही केलेलं नाही, वाऱ्याने उचललं. दोन सेकंदांनी झोत गेला, वेग परत 49, पंखांतला जोर गेला, विमान खाली बसलं. त्या दोन सेकंदांत आडव्या वाऱ्याने त्याला थोडं डावीकडे सरकवलेलंही असतं, त्यामुळे चाकं सरळ न टेकता तिरकी घासत टेकतात. आत बसलेल्याला धक्का बसतो, टायर ओरडतात, आणि मनात एकच येतं: काहीतरी बिघडलंय, हे उडत नाहीये.

बिघडलेलं काहीच नसतं. पण तो विचार येणं साहजिक आहे आणि त्या विचाराने थ्रॉटल ओढणंही साहजिक. यावर उपाय आधीच करायचा असतो. झोताच्या दिवशी विमान जमिनीवर नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ धरून ठेवायचं, चार-पाच नॉट जास्त होऊ द्यायचे, मग ठामपणे उचलायचं, म्हणजे ते पुन्हा खाली बसत नाही. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपा, कमीत कमी ठेवायचे. पट्टी लांब असेल तर शून्य. फ्लॅप खाली असले की विमान लवकर तरंगायला लागतं, आणि या दिवशी आपल्याला नेमकं तेच नको असतं.

आता पहिला प्रश्न. विमान वाऱ्याच्या अंगावर का गेलं?

छपरावरचा पत्र्याचा कोंबडा आठवा. वारा आला की तो तोंड वाऱ्याकडेच करतो, कारण त्याची शेपटी मोठी आणि खिळा पुढे. विमानाचंही तेच. जमिनीवर असताना त्याचा खिळा म्हणजे मागची दोन चाकं, आणि उभी शेपटी त्यांच्याही पार मागे. उजवीकडून वारा आला की तो शेपटीला डावीकडे ढकलतो आणि नाक उजवीकडे फिरतं. हवेत असताना विमान डावीकडे वाहत जातं ही तुमची कल्पना बरोबर आहे. जमिनीवर टायर धरून असतात तोवर ते वाहत जाण्याऐवजी फिरतं.

याच्या जोडीला इंजिन. प्रोपेलर आतून बघताना उजवीकडे फिरतो, त्यामुळे पूर्ण ताकद लावली की नाक डावीकडे ओढलं जातं. याची कारणं तीन-चार आहेत, त्यात शिरत नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याच्या उजव्या पायात पहिल्या दिवसापासून सवय मुरवलेली असते: थ्रॉटल पुढे, उजवा पाय पुढे. पुढे पुढे हे झोपेतही होतं.

उजवीकडून वारा असताना मजा अशी की इंजिन डावीकडे ओढतं, वारा उजवीकडे फिरवतो, आणि दोघं एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. पट्टीवर विमान फार शहाण्यासारखं धावतं. डावीकडून वारा असेल तर पहिल्या फुटापासून झटापट असते, वैमानिक सावध असतो. उजवीकडून असला की वाटतं, काही विशेष नाही. आणि मग थ्रॉटल ओढला जातो. त्याच क्षणी इंजिनाची डावी ओढ नाहीशी होते. वाऱ्याची उजवी ओढ तशीच राहते. प्रोपेलरचा जो जोरदार झोत रडरवर येत होता तोही जातो, म्हणजे रडर निम्मा बधिर. आणि पोराचा उजवा पाय, सवयीप्रमाणे, अजून पुढेच असतो. हवा होता डावा.

एवढ्यावरही भागत नाही. सेसनात रडरचे पेडल स्प्रिंगमार्फत नाकाच्या चाकालाही जोडलेले असतात. नाक हलकं असतं तोवर ते चाक कुठे बघतंय याला अर्थ नसतो. थ्रॉटल ओढला की नाक खाली येतं, चाक दाबून बसतं, आणि उजवा पाय पुढे असेल तर ते उजवीकडे वळलेलंच बसतं. कितीतरी जण घाईत जू, म्हणजे हातातलं सुकाणू, पुढे ढकलून नाक आणखी दाबतात, म्हणजे सगळा भार पुढच्या एका चाकावर आणि मागची दोन अधांतरी. हातगाडीचा दांडा उचलून पळवावी तसं. ती कुठे वळेल सांगता येत नाही.

मग ब्रेक, तोही प्रत्येक पायाला वेगळा. 45 नॉटला पंखांत अजून बराच जोर असतो, टायरवर विमानाचं पुरतं वजन आलेलं नसतं. अशात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि घसरतं. घसरणाऱ्या टायरला बाजूची पकड नसते, म्हणजे सरळ ठेवणारी जी एक गोष्ट उरली होती तीही गेली. दोन पायांत एकाने जरा जास्त दाबला असेल, आणि घाबरलेल्या माणसाचा जास्त जोरातला पाय आधीच पुढे असलेला असतो, तर ते वळण पक्कं झालं.

वेळ किती असतो तेही सांगतो. 45 नॉट म्हणजे सेकंदाला 23 मीटर. नाक 10 अंश जरी तिरकं झालं तरी विमान दर सेकंदाला 4 मीटर बाजूला सरकतं. 30 मीटर रुंद पट्टीच्या मधोमध असाल तर कडा 15 मीटरवर. चार सेकंदही नाहीत. त्यातला पहिला सेकंद 'हे काय झालं' यात जातो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी बघितली असेल तुम्ही. एवढी उंच काठी एकाच्या कमरेच्या पट्ट्यात, बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेले. वारा आला की वाऱ्याकडचे दोरीवाले नेट लावतात. काठी नाचवताना सगळ्यांचं लक्ष असतं. गडबड होते ती उतरवताना: 'झालं आता' म्हणून एकाने दोरी सैल सोडली की उरलेल्यांच्या अंगावर येते. मी विद्यार्थ्यांना हेच सांगायचो, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांना लगेच कळायचं. नागपूरच्या एका पोराला आधी सासनकाठी समजावून द्यावी लागली होती, त्यात अर्धा तास गेला.

दुसरा प्रश्न सोपा आहे, डावा पंख. या विमानाचे पंख वर, छतावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 11 मीटर, आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम अडीच मीटर. भरधाव रिक्षा उजवीकडे झपकन वळवली तर ती डावीकडे कलंडते. विमानही तसंच कललं. त्यात वारा उजवीकडून, उजव्या पंखाच्या खाली शिरून त्याला वर उचलणारा. दोन्ही जोर एकाच बाजूला. वारा खाली शिरू नये म्हणून जू वाऱ्याच्या बाजूला, इथे उजवीकडे, वळवून धरायचं असतं. धाव सुरू करताना पूर्ण, वेग वाढेल तसं कमी कमी. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण उड्डाण सोडून दिल्यावर हिशोब उलटा चालवायचा असतो: वेग कमी होईल तसं जू परत वाऱ्याकडे जास्त जास्त, अगदी थांबेपर्यंत. शंभरातले किती जण हे करतात? थ्रॉटल ओढला की बहुतेकांचं जू आपोआप मध्ये येतं, जणू गाडी पार्किंगला लावायचीय.

इथे माझी एक जुनी तक्रार आहे, ती मांडतोच. सेसनाच्या पुस्तकात धावेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं याची यादी आहे. थ्रॉटल मागे, ब्रेक लावा, फ्लॅप वर घ्या, मिक्श्चर (इंधन) बंद, मॅग्नेटो (ठिणगी) बंद, मास्टर (वीज) बंद. यादी बरोबर आहे. पण पोरं ती पाढ्यासारखी पाठ करतात, आणि 'थ्रॉटल मागे' व 'ब्रेक लावा' या दोन ओळींच्या मध्ये जे करायचंय त्याची ओळच नाही. पायांचा उल्लेख नाही, जू कुठे हवं त्याचा नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने धरून चाललंय की विमान सरळ ठेवणं तुम्हाला येतंच. आम्ही इन्स्ट्रक्टरही वाऱ्याच्या दिवशी हा सराव घेत नाही. शांत सकाळी, 30 नॉट वेगाला, 'समज इंजिन गेलं' म्हणतो, पोरगं थ्रॉटल ओढतं, विमान गुमान सरळ थांबतं, वहीत टिकमार्क. त्यातून तो काय शिकला? थ्रॉटल ओढला की काम संपतं, हे.

मी कसा शिकवतो ते सांगतो. थ्रॉटल मागे, आणि त्याच श्वासात नजर पट्टीच्या लांबच्या टोकावर. समोरच्या नाकावर नव्हे, टोकावर. नाक दोन अंश फिरलं तरी लगेच कळतं. जो पाय लागेल तो लावायचा, कुठला ते आधी ठरवायचं नाही. जू वाऱ्याकडे. नाक आपणहून बसू द्यायचं. मग फ्लॅप वर, म्हणजे वजन चाकांवर येतं. ब्रेक सगळ्यात शेवटी, हळूहळू, दोन्ही पायांनी सारखे, जू किंचित पोटाकडे ओढून. आपल्या उजळाईवाडीची जुनी धावपट्टी 1370 मीटरची होती, आता ती त्याहून बरीच लांब आहे. 172 सारखं विमान तिथे 45 नॉटवरून नुसतं लोळत थांबलं तरी थांबेल. ब्रेकची घाई कशाला? छोट्या विमानाला लांब पट्टीवर लांबी कधी कमी पडत नाही, कमी पडते ती रुंदी.

उन्हाळ्याची एक गोष्ट यात येते. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फुटांवर. एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण 5200 फुटांवर असल्यासारखं वाटतं. मीटरवर 55 नॉट दिसतात तेव्हा प्रत्यक्ष हवेतला वेग 59-60 असतो, आणि थांबवताना जिरवायची ऊर्जा सुमारे 17 टक्के जास्त. इंजिनही मरगळलेलं, म्हणजे धाव लांबते आणि झोतांना जास्त वेळ मिळतो. म्हणून मी पोरांना उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उतरवायचो. त्यावरून संस्थेतल्या हिशोबवाल्यांशी माझी बऱ्याचदा वाजली, कारण तास भरत नाहीत. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, पालकांनी पैसे भरलेले असतात, पोरांना घाई असते. सगळं खरं. तरी दुपारचा वळवाचा वारा कोणाच्या हप्त्याकडे बघून वाहत नाही.

वळवावरून आठवलं. मे महिना, उजळाईवाडीच. आम्ही दुसरीकडून येऊन इथे उतरलो होतो आणि परत निघायचं होतं. दोन आसनी विमान, डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे मी. पन्हाळ्याच्या बाजूला आभाळ काळं झालेलं, पण ते लांब होतं, आणि आमची पट्टी उन्हात लखलखत होती. टॉवर म्हणाला वारा 8 नॉट. मी म्हटलं, निघू. ही माझी चूक, विद्यार्थ्याची नाही. वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून ढगाच्या कितीतरी पुढे पळते, 15-20 किलोमीटर पुढेसुद्धा. हे मला तोंडपाठ होतं, शिकवत होतो. धाव निम्मी झाली आणि खिडकीच्या फटीतून ओल्या मातीचा वास आला. आजही आठवतो. वास आला आणि त्याच्या मागोमाग उजवीकडून दणका. मी थ्रॉटल ओढला. पोराने दोन्ही पाय पेडलवर असे रोवले होते की माझ्याकडचे पेडल हलेनात. मी ओरडलो, तेही अस्सल कोल्हापुरीत, इथे लिहिता येणार नाही असं, तेव्हा त्याचे पाय सुटले. पट्टीच्या कडेच्या दिव्यापासून हातभर अंतरावर थांबलो. विमान पुसून परत उभं केलं आणि दोन तास चहा पीत बसलो. संध्याकाळी वारा पडल्यावर निघालो.

म्हणून विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, बघायची सवय लावा त्याला. टॉवर काय म्हणतो ते ऐकायचं, पण पट्टीवर उभं राहिल्यावर अर्धा मिनिट नुसतं विंडसॉककडे बघायचं. एकसारखा ताठ असेल तर वारा जोराचा पण सरळ आहे. फडफडून खाली पडतोय, परत ताठ होतोय, दिशा बदलतोय असं असेल तर परत जाऊन उभं करायचं. उड्डाण सोडून द्यायची सगळ्यात स्वस्त जागा पार्किंग आहे.

आता 'तसंच उडवलं असतं तर' या घरच्या मुद्द्यावर. कधी कधी ते खरं असतं, हे मी नाकारत नाही. विमान हवेत आहे, वेग पुरेसा आहे, तर ते परत पट्टीवर आपटण्यापेक्षा नाक थोडं खाली घेऊन जमिनीलगतच वेग वाढू द्यावा आणि निघून जावं, हे जास्त सुरक्षित. पण भाच्याचं विमान खाली बसलं होतं, चाकं तिरकी टेकली होती, आणि बिघाड आहे की वारा आहे हे त्याला त्या क्षणी माहीत नव्हतं. शंका आली आणि पुढे पट्टी शिल्लक आहे, तर थांबवायचं, हाच नियम आम्ही 40 तासांच्या पोराला देतो, आणि तो त्याने पाळला. ज्याने थांबवलं त्याला घरी बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो खरोखर बिघाड असतानाही रेटेल. हे मी घरच्यांना उद्देशून लिहितोय.

एक गोष्ट त्याने फार चांगली केली, तुम्ही ती ओझरती लिहिलीय. विमान गवतात जातंय म्हटल्यावर त्याने ते जोर लावून परत पट्टीवर वळवायचा प्रयत्न केला नाही, तसंच सरळ जाऊ दिलं आणि मिक्श्चर व मॅग्नेटो बंद केले. या विमानाचं पेट्रोल पंखांत असतं, 200 लिटर मावतं. पंख घासत असताना इंजिन आणि वीज बंद असणं किती महत्त्वाचं ते सांगायला नको. परत वळवायला गेला असता तर आणखी कलंडला असता. पावसाळ्यात भिजलेल्या मातीत नाकाचं चाक रुतून विमान उलटं झाल्याचीही उदाहरणं आहेत.

पुढचं थोडक्यात. प्रोपेलर जमिनीला लागून इंजिन झटक्याने थांबलं की नुसता प्रोपेलर बदलून चालत नाही, इंजिन उघडून आतला क्रँकशाफ्ट तपासावा लागतो. खर्च मोठा असतो आणि त्यावरून संस्थेत आवाज चढतात. तो खर्च विमा आणि संस्था बघतील, पोराने त्या वादात पडू नये. आपल्याकडे अपघाताच्या तपासासाठी 2012 पासून वेगळा विभाग आहे आणि 2017 चे नियम आहेत. तपासाचा हेतू कारण शोधून पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष कोणाच्या माथी मारायचा हा नसतो. तेव्हा त्याने काही लपवू नये. घडलं ते स्वतःच्या शब्दांत, वेळेच्या क्रमाने, शक्य तितक्या लवकर लिहून काढावं. एक महिना झालाय, तरी आजच बसवा त्याला. आणि दुसऱ्याने लिहिलेल्या जबाबावर वाचल्याशिवाय सही करू नये, ही सूचना वैमानिकाची नाही, चार पावसाळे जास्त बघितलेल्या माणसाची आहे.

परत उडायला लागेल तेव्हा पहिले काही तास इन्स्ट्रक्टर शेजारी हवा, आणि त्याने मुद्दाम मागून घ्यावं: 8-10 नॉट आडव्या वाऱ्यात, आधी उजवीकडून मग डावीकडून, निम्म्या वेगाला थ्रॉटल ओढायचा सराव. इन्स्ट्रक्टर कंटाळा करेल. मागायचंच. तोवर घरी खुर्चीवर बसून, पायाखाली दोन विटा ठेवून, डोळे मिटून करता येतं. हसू नका, मी स्वतः करायचो, आमच्या सौभाग्यवतींना वाटायचं शिवणयंत्र चालवतोय.

सुट्टीला कोल्हापूरला आला की त्याला एवढंच विचारा, थ्रॉटल ओढल्यावर तुझा कुठला पाय पुढे होता? 'उजवा' म्हणाला तर त्याला स्वतःलाच सगळं उमगलंय. 'आठवत नाही' म्हणाला तर आधी विटा काढा.